मेहनतीने जन्माची परिस्थिती बदलता येते का?

तू लिहिलंयस, 'वडील बोटीवर खलाशी, आई मासळी निवडायला जाते. मी बारावीला आहे, पहाटे चारला उठून अभ्यास करतो. एवढ्याने घरची परिस्थिती खरंच पालटते का?' तुझ्याएवढा माझा मुलगा आहे, म्हणून एकेरीच लिहिते.

माझं माहेर अलिबागच्या खारेपाटातलं, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातलं. पणजोबांएवढे कष्ट आमच्या घरात पुढे कुणी उपसले नसतील. बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बाहेरच्या बांधाला, चिखल लावायचा, खाऱ्या जमिनीत राता भात पिकवायचं आणि खळ्यावरूनच निम्मंअधिक खोताला, म्हणजे गावच्या जमीनदाराला, मोजून द्यायचं. ते गेले तेव्हा नावावर गुंठाभर जमीन नव्हती. आमचे दिवस पालटले ते अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांच्या संपाने. १९३३ ते १९३९, सहा वर्षं, शेतकरी नेते नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून कुळांनी खोताची जमीन कसायलाच नकार दिला. लाकूडफाटा विकला, खाडीत मासे धरले, उपास काढले. मग कुळांना संरक्षण देणारा कायदा आला, १९५७ला कसणारा मालक ठरला. आजोबा राबले ते पणजोबांसारखेच, पण सातबारा त्यांचा होता.

तुला बाबासाहेबांचं उदाहरण सगळेच देत असतील. द्यावंच, त्यांचं मूळ गाव आंबडवे आपल्याच कोकणातलं. पण वडील लष्करात सुभेदार, म्हणून घरात अक्षर आलं होतं, आणि १९१३ला अमेरिकेला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, हेही सांगायला हवं. शिकून आल्यावर त्यांनी कुळांना 'आणखी राबा' म्हटलं नाही. १९३७ला खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं.

आता माझं सांगते. मी दहावी झाले त्या पावसाळ्यात उधाणाला बांधाला खांड गेली, म्हणजे बांध फुटला. रात्रभर गाव चिखलात. बत्तीच्या उजेडात बायका रांगेने उभ्या, चिखलाचे गोळे हातोहात पुढे जात होते. माझ्या आईच्या शेजारी माझ्या मैत्रिणीची आई. दोघींच्या नखांत महिनाभर तो काळा चिखल होता. आतल्या बांधामुळे आमचं शेत वाचलं, त्यांचं त्या आतल्या बांधाच्या पलीकडे होतं. खारं पाणी शिरलेल्या जमिनीतलं मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे लागतात. मैत्रिणीला माझ्यापेक्षा सात टक्के जास्त होते. ती पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला लागली, मी अलिबागला कॉलेजात गेले. तिथेही ईबीसीचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांसाठीच्या फीमाफीचा, फॉर्म आमच्या गुरुजींनी स्वतः भरला होता, मला तर फीमाफी असते हेच ठाऊक नव्हतं. पुढे डीएड केलं, आज जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती कष्टात कुठे कमी पडली, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तेव्हा पहाटेचा अभ्यास सोडू नकोस. त्याच्याशिवाय तर काहीच होत नाही. पण कधी मार्क कमी पडले, कुठे नंबर लागला नाही, तर आपणच कमी राबलो असं मनाला लावून घेऊ नकोस. आणि वडिलांकडे बघून 'यांनी मेहनत केली नाही' असं तर कधीच मनात आणू नकोस. वाऱ्यापावसात जाळं ओढणाऱ्या माणसाला मेहनत शिकवायची नसते.

आणि अभ्यासाइतकीच चिकाटी कागदांसाठी धर. हुशार मुलं मार्कांमुळे अडकत नाहीत, दाखल्यांमुळे अडकतात, हे मी दरवर्षी बघते. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा आणि नॉन-क्रीमीलेअर. विज्ञानाला असशील आणि आरक्षणातून प्रवेश घ्यायचा असेल तर जात पडताळणीचा अर्ज आत्ताच कॉलेजमार्फत टाक. महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवरची शिष्यवृत्तीची मुदत शिक्षकांना विचारत राहा, रोज विचारलंस तरी चालेल. लाजू नकोस, ते मागणं म्हणजे भीक नाही.

माझ्या त्या मैत्रिणीची मुलगीही यंदा बारावीला आहे. तिची दाखल्यांची फाइल आम्ही दोघींनी दिवाळीच्या सुट्टीतच लावून ठेवली. तुझं कुठे अडलं तर इथेच लिही.