पगारासाठी कुणी देणगी देतं का?

या महिन्यात ट्रस्ट, देणग्या आणि सेवाकेंद्रं यावर इतके प्रश्न आलेत की बाकीचे विषय पुढच्या महिन्यावर ढकलले. मी ट्रस्टांची ऑडिटं करते हे आता सगळ्यांना माहिती झालंय वाटतं. पाच प्रश्न घेतेय, काहींचे दोन-तीन मिळून एक केलेत.

ताई, आमच्याकडे एक छोटा ट्रस्ट आहे, आजी-आजोबांसाठी डे केअर, फिजिओथेरपी आणि वॉकर, व्हीलचेअर, हॉस्पिटलचा बेड असं रुग्णसाहित्य डिपॉझिटवर वापरायला देतात. फी अगदीच किरकोळ. हे परवडतं कसं, पैसा येतो कुठून? (डोंबिवली)

एका ठिकाणाहून येत नाही, हेच तर खरं उत्तर आहे. आकडे गृहीत धरून सांगते, समजायला सोपं जाईल. समजा डे केअरचा खर्च महिन्याला 1,00,000 आहे, म्हणजे दोन मावशी, एक फिजिओ, जागेचं भाडं, लाइट बिल, दुपारचा चहा-नाश्ता. 25 जण येतात आणि प्रत्येकी 1,500 देतात, झाले 37,500. ट्रस्टकडे 50 लाखांचा कायम निधी आहे, ज्याला आम्ही कॉर्पस म्हणतो, त्यावर 7 टक्क्यांनी वर्षाला साडेतीन लाख, म्हणजे महिन्याला साधारण 29,000. उरले 33,500, आणि दर महिन्याला खजिनदाराची झोप उडते ती या साडेतेहेतीस हजारांमुळे. ते मग कुठे हॉल लग्न-मुंजीला भाड्याने देऊन (त्याचे हिशेब वेगळे ठेवावे लागतात), कुठे वार्षिक देणगीदारांकडून, कुठे एखाद्या मोठ्या ट्रस्टच्या ग्रँटमधून, कुठे दिवाळीच्या पणत्या-फराळ विकून असे जुळवले जातात. रुग्णसाहित्याचं मात्र बरं असतं, एक बेड कुणीतरी वडिलांच्या नावाने दिला की तो वर्षानुवर्षं या घरातून त्या घरात फिरतो, खर्च फक्त दुरुस्तीचा आणि टेम्पोचा, त्यामुळे छोटे ट्रस्ट बहुतेक सुरुवातच तिथून करतात.

आईची तिथी पितृपंधरवड्यात येते. वृद्धाश्रमात एक दिवसाचं जेवण द्यावं म्हणून फोन केला तर म्हणाले सगळे दिवस बुक आहेत, हवं तर कर्मचारी निधीला द्या. मन जरा खट्टू झालं. आईच्या नावाने दिलेले पैसे कुणाच्या पगाराला कसे द्यायचे? (सातारा)

तुमचं मन खट्टू झालं ते समजू शकते, पण त्यांनी सरळ सांगितलं याचं मला कौतुकच वाटलं, कारण बऱ्याच संस्था अशा वेळी एकाच दिवसाचे दोघांकडून पैसे घेऊन मोकळ्या होतात. पितृपंधरवडा, दिवाळी, 15 ऑगस्ट आणि अधूनमधून वाढदिवस, या दिवसांत वृद्धाश्रमात माणसांची रीघ लागते, आठवड्यात तीनदा श्रीखंड होतं आणि निम्म्या आजी-आजोबांना डायबेटिस. जूनमध्ये शाळांच्या फिया, छत्र्या-रेनकोट यात सगळे अडकलेले असतात तेव्हा एक फोन येत नाही. डायपर, लाँड्रीचं बिल आणि रात्रपाळीच्या मावशींचा पगार मात्र बाराही महिने लागतो.

आणि खरं सांगू का, वृद्धाश्रमाची सेवा म्हणजे दुसरं असतं काय? रात्री दोन वाजता उठून अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलून देणं, ही सेवा ताटातून देता येत नाही, ती पगारातूनच द्यावी लागते. आपल्याकडे भिंत, पंखा, ॲम्ब्युलन्स यांना लगेच पैसे मिळतात कारण त्यावर नाव घालता येतं, मावशीवर नाव कसं घालणार! ट्रस्टच्या हिशेबाचा ठरलेला नमुना असतो, उत्पन्न-खर्चाचं पत्रक शेड्यूल 9 मध्ये, त्यात आस्थापना खर्च (म्हणजे ऑफिस-कारभाराचा) वेगळा आणि ट्रस्टच्या उद्दिष्टांवरचा खर्च वेगळा, त्या उद्दिष्टांत शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबी निवारण असे भाग. पेशंटला सांभाळणाऱ्या नर्सचा पगार हा वैद्यकीय मदतीत जायला हवा, पण अनेक संस्था आळसाने सगळे पगार आस्थापनेत टाकतात, मग देणगीदार बघतो आणि म्हणतो अरे बापरे, ऑफिसवरच एवढा खर्च! मी याच्यावर दरवर्षी भांडते.

अजून एक, कायम तिथीचं. पूर्वी लोक 1,001 रुपये एकदाच भरायचे आणि दरवर्षी त्या तिथीला संस्थेने जेवण घालायचं असा करार असायचा. 1995 च्या सुमाराला एफडीवर बारा टक्के मिळत होते, म्हणजे 120 रुपये, तेव्हा थोडंफार तरी निघायचं. आज सात टक्के धरले तरी सत्तर रुपये येतात, आणि संस्था बोर्डावर नाव मात्र इमानेइतबारे लिहिते. त्यामुळे तुम्ही एकरकमी देण्यापेक्षा महिन्याला जमेल तेवढं बँकेतून आपोआप जाईल असं करा, आणि पावतीवर सर्वसाधारण निधी लिहून घ्या, म्हणजे ते पगारालाही वापरता येतील. पुण्याच्या जवळ कुणी असाल तर पितृपंधरवड्यात तिथे ‘देणे समाजाचे’ नावाचं प्रदर्शन भरतं, वेगवेगळ्या संस्थांची माणसं स्वतः भेटतात, त्यांना थेट विचारा की तुम्हाला सगळ्यात कमी देणगी कशासाठी मिळते. उत्तर मला माहितीये.

ज्या ट्रस्टला आम्ही देणगी देतो त्यांच्या ताळेबंदात भरपूर एफडी दिसल्या. एवढे पैसे असून परत का मागतात? (पुणे)

शंका चांगली आहे आणि कधीकधी खरीही असते. पण आधी बघा की त्यातला कॉर्पस किती. देणगीदाराने लेखी दिलं असेल की ही रक्कम कॉर्पसमध्ये टाका, तर मुद्दल तशीच ठेवायची, व्याज वापरायचं. बाकीच्या उत्पन्नाला आयकराचा नियम लागतो, करसवलत हवी तर 85 टक्के त्याच वर्षी कामावर खर्च करा, उरलेले 15 टक्के शिल्लक ठेवता येतात, जास्त साठवायचे तर कशासाठी ते ठरवून आधी कळवावं लागतं. आणि लोकांना हे माहितीच नसतं की धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विश्वस्तांना ट्रस्टसाठी कर्ज काढता येत नाही. म्हणजे ग्रँट लेट झाली म्हणून दुकानदारासारखी ओव्हरड्राफ्टवर वेळ मारून नेता येत नाही, पगार तर सात तारखेला द्यायचाच असतो. माझ्या मते सहा महिन्यांच्या खर्चाएवढी शिल्लक असणं हे शहाणपण आहे. पाच वर्षांची शिल्लक आणि कॉर्पसही वेगळा, असं असेल तर मात्र विचारा, आणि उत्तर टाळलं तर दुसरी संस्था शोधा.

आमच्या वस्तीत एका कंपनीच्या पैशातून महिलांसाठी समुपदेशन केंद्र सुरू झालं. छान चाललेलं होतं. तीन वर्षांनी बंद! काम चांगलं असताना बंद का करतात? (छत्रपती संभाजीनगर)

सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी. कंपनी कायद्यात 2014 पासून आलंय, ठरावीक आकाराच्या वर असलेल्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकामावर खर्च करायचे. चालू प्रकल्पाची मुदत मात्र सुरुवातीचं वर्ष सोडून तीनच वर्षं धरतात, आणि पुढे कंपनीला नवीन विषय, नवीन फोटो हवा असतो. चूक एकट्या कंपनीची नाही, ज्या ट्रस्टने पहिल्या दिवसापासून चौथ्या वर्षाचे पैसे कुठून आणायचे याचा विचार केला नाही त्याची पण आहे. समुपदेशकाकडे बाई तिसऱ्या-चौथ्या भेटीत कुठे बोलायला लागते, आणि नेमकं तेव्हा दाराला कुलूप. माझ्या क्लायंटांना मी सांगते की कंपनीचे पैसे सेटअपला, ट्रेनिंगला, फर्निचरला घ्या, पगार जमेल तेवढा स्थानिक वर्गणीदारांवर उभा करा, पाचशे-पाचशेवाले शंभर जण मिळाले तरी ते एकदम सगळे सोडून जात नाहीत.

मी न्यू जर्सीत असते, सांगलीजवळच्या आमच्या गावातल्या ट्रस्टच्या पाळणाघराला दर महिन्याला पैसे पाठवायचेत. भावाच्या अकाउंटवर पाठवून त्याने द्यावेत का? (न्यू जर्सी)

भावाला मध्ये घालू नका, त्याची आणि ट्रस्टची दोघांचीही पंचाईत होईल. आधी पासपोर्ट कुठला ते बघा. भारतीय पासपोर्ट असेल, मग ग्रीन कार्ड असलं तरी, तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरत नाहीत, ट्रस्टला पासपोर्टची कॉपी पाठवा म्हणजे त्यांच्या फाइलला राहील. अमेरिकन पासपोर्ट झाला असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असूनसुद्धा तुम्ही परदेशी देणगीदार, आणि मग ट्रस्टकडे एफसीआरए नोंदणी, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी पाहिजे, पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या त्यांच्या खात्यातच आले पाहिजेत. गावच्या छोट्या ट्रस्टला ही नोंदणी अवघड जाते, कारण संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि त्या काळात कामावर 15 लाख खर्च केलेले, अशी अट आहे. नोंदणी असलेल्या दुसऱ्या मोठ्या संस्थेमार्फत द्यावं म्हणाल तर 2020 पासून तेही बंद, एका संस्थेला आलेले परदेशी पैसे दुसरीकडे वळवता येत नाहीत. तिकडच्या मराठी लोकांनी 1978 मध्ये काढलेल्या महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या संस्थेतून पाठवले तर तिकडच्या करात सूट मिळू शकते, पण घेणाऱ्याला नोंदणी लागतेच.

तुमच्या गावच्या ट्रस्टकडे ती नसेल आणि तुमचा पासपोर्ट अमेरिकन असेल तर भावालाच म्हणा की तू तुझ्या कमाईतून दर महिन्याला दे. त्याने रोख मात्र देऊ नये, 2,000 च्या वर रोख दिली की देणगीवरची आयकरातली सूट जाते, आणि त्याने नवी करप्रणाली घेतली असेल तर सूट तशीही नाहीये, तेव्हा पावती फक्त हिशेबासाठी.