लष्करी अधिकारी ब्रिटनमध्ये पोलीसप्रमुख झाला तर चांगला ठरतो का?

एखादाच ठरतो. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांचा 1829 सालचा पहिला कमिशनर चार्ल्स रोवन वॉटर्लूला लढलेला कर्नल होता. पण त्याच्या जोडीला तेवढ्याच अधिकाराचा रिचर्ड मेन हा बॅरिस्टर दिला होता, म्हणून निभावलं. उलट चार्ल्स वॉरनने 13 नोव्हेंबर 1887 ला ट्रॅफल्गार चौकातला मोर्चा पोलिसांच्या जोडीला फौज आणून मोडला. पुढच्याच वर्षी गृहमंत्र्यांशी बिनसून राजीनामा.

माझं खरं भांडण मात्र ट्रेंचर्डशी. हवाई दलाचा मार्शल, 1931 ते 35 कमिशनर. 1934 मध्ये त्याने लंडनच्या हेंडन भागात पोलीस कॉलेज काढलं, वरच्या जागांसाठी वेगळी माणसं घडवायला. म्हणजे रस्त्यावर भिजणारा एक आणि हुकूम देणारा दुसराच.

मी शिपाई म्हणून लागलो, खात्याची परीक्षा देऊन फौजदार झालो. आमचे व्याही निवृत्त कर्नल. लग्नाच्या पंगतीत सगळ्यांदेखत म्हणाले, "पोलिसांत वर फौजी बसवा, महिन्यात सरळ होतील." मुलीचा बाप, काय बोलणार? जिलबी गिळली. तेव्हा न सांगितलेलं इथे सांगतो. एका विसर्जनाला दोन मंडळं चौकात समोरासमोर आली, आधी कोण जाणार यावर अडली. बंदोबस्तावरचे साहेब सैन्यातून आलेले. घड्याळ बघून म्हणाले, "पाच मिनिटं देतो, नंतर लाठी." आमच्या म्हाताऱ्या हवालदाराने साहेबांना चहाला बसवलं आणि दोन्ही अध्यक्षांना बाजूला घेतलं. एकाच्या भावाला त्याने कधीतरी कोठडीत रात्री जेवण नेऊन दिलं होतं. तेवढी ओळख पुरली. त्या मंडळाने ट्रॉली मागे घेतली, दुसऱ्याने गुलाल लावला, मिरवणूक हलली. ही ओळख परेडवर शिकवत नाहीत.

सगळेच फौजी तसे नसतात, हेही खरं. ट्रेंचर्डच्याच काळात पोलिसांची न्यायवैद्यक प्रयोगशाळा उभी राहिली. आणि तुम्ही आजचं विचारत असाल तर 2014 मध्ये तिकडे पोलिसांबाहेरच्यांना थेट सुपरिटेंडेंट करायची योजना आली होती, ती पुढे गुंडाळली.

व्याहीबुवा, तुम्ही हे वाचालच. हेंडनमधून निघून लंडनचा कमिशनर झालेला पहिला माणूस जोसेफ सिम्पसन, 1958 साली. तो 1931 मध्ये साधा शिपाई म्हणून भरती झाला होता.