गोल्फ जीटीआय घेऊ की २०५?

प्रश्न: जुनी हॉट हॅचबॅक, म्हणजे छोटी पण दमदार इंजिनाची गाडी, घ्यायचं खूप दिवस मनात आहे. दोन गाड्यांवर अडलोय, जर्मनीची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय, पहिल्या पिढीतली १.८ लिटर इंजिनवाली, आणि फ्रान्सची प्यूजो २०५ जीटीआय १.९. मित्र म्हणतो गोल्फच खरी, बाकी सगळ्या नकला. मला गाडी झाकून ठेवायची नाहीये, चालवायचीये. काय करू?

उत्तर: मित्राचं अर्धंच बरोबर आहे. गोल्फ जीटीआय १९७५ च्या फ्रँकफर्ट शोमध्ये दाखवली, तेव्हा कंपनीचा हिशोब असा की ५००० खपल्या की गंगेत घोडं न्हालं, आणि पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांवर गेल्या, त्यामुळे मान तिचाच. पण म्हणून २०५ ला नक्कल म्हणायचं? ती १९८४ ला आली, १.९ इंजिन त्यानंतर दोनेक वर्षांनी, आणि त्यात १३० हॉर्सपॉवर, गोल्फच्या १.८ मध्ये ११२, वजनं दोघींची ९०० किलोच्या आतबाहेर. फरक कागदावर दिसतो त्यापेक्षा वळणावर जास्त कळतो.

म्हणजे कसं, २०५ घेऊन तुम्ही जोरात वळणात शिरलात आणि मध्येच घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचललात, की सगळा भार पुढच्या चाकांवर जातो, मागची बाजू हलकी होते आणि सरळ बाहेर फिरते. हे ओळखून चालवणाऱ्याला हीच तर मजा, पण ओल्या रस्त्यावर नवख्याचं काम नाही. गोल्फ अशी दगा देत नाही. मात्र जुन्या गोल्फचे ब्रेक यथातथाच, आजच्या गाडीतून उतरून बसलात तर पहिल्या सिग्नललाच घाम फुटेल.

आता खरं बोलायचं तर मॉडेलपेक्षा पत्रा बघा. गोल्फमध्ये पेट्रोल भरायची नळी मागच्या चाकाच्या वरून जाते, चाकाने उडवलेला चिखल तिथे बसून नळी गंजते, गंजाचा चुरा टाकीत पडतो आणि तिथून पंपाला आणि इंजिनात पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्शनला खातो. झाकण उघडून टॉर्च मारा, आत तपकिरी दिसलं तर भाव करायलाही थांबू नका. पुढच्या काचेखाली आणि दारांखालच्या पट्टीवर चुंबक फिरवा, चिकटला नाही तिथे पुट्टी आहे.

२०५ चं दुखणं मागच्या ॲक्सलमध्ये. आतल्या बेअरिंगमध्ये पाणी शिरून ती झिजतात, मग मागची चाकं वरून आत कलतात, गाडी बसकण मारल्यासारखी दिसते. आणि हो, साध्या गाडीला जीटीआयचा बॅज चिकटवून विकणारे दोन्हीकडे आहेत, चासी नंबर जुळवल्याशिवाय बयाणा देऊ नका.

तुम्हाला चालवायचीये म्हणता, तर मी २०५ घेईन. त्यातही १.९ चाच हट्ट नको, ११५ हॉर्सपॉवरची १.६ चांगली सापडली तर तीच, इंजिन जास्त मोकळं फिरतं. चौकोनी चेक्सच्या सीट आणि गिअरच्या दांड्यावरच्या गोल्फ बॉलसारख्या मुठीवर जीव जडला असेल तर मग माझं ऐकू नका.

२०५ ठरलीच तर तिच्या मागे सरळ उभं राहून एक फोटो काढून पाठवा, चाकं बघून सांगतो.