कारणाची ओळ

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. वॉर्डातली नोकरी सोडून ‘मेडॅक्ट’ या, हवामानबदल आणि आरोग्य अशा प्रश्नांवर चळवळ करणाऱ्या ब्रिटनमधल्या आरोग्यसेवकांच्या संघटनेच्या कामाला पूर्ण वेळ वाहून घ्यावे, की वरिष्ठ म्हणतात तसे हे ‘राजकारण’ सोडून आपण बरे नि आपले रुग्ण बरे असे राहावे, हा तुझा पेच. हवामानबदल आणि आरोग्य यांचा संबंध तुला समजावत बसणार नाही. पण वॉर्ड वेगळा आणि चळवळ वेगळी, हे तू दोन्ही वाटांवर गृहीत धरलेस, त्याचा मात्र मला राग आला.

ऑगस्ट २००३ मध्ये मी इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात वृद्धांच्या वॉर्डात होतो. सुरक्षेच्या नियमामुळे तिथल्या खिडक्या चार इंचांपलीकडे उघडत नसत. एक आजी त्या उकाड्यातही लोकरी कार्डिगन अंगावरून काढू देत नव्हत्या. अंगातले पाणी कमी करणाऱ्या लघवीच्या गोळ्या नेहमीप्रमाणे चालू होत्या, कारण अशा उकाड्यात त्या थांबवाव्यात हे आम्हां कोणाला सुचले नाही. तिसऱ्या दिवशी त्या आजी गेल्या आणि मृत्यूच्या दाखल्यावर मी ‘हृदय निकामी’ असे लिहून सही केली. त्या दहा दिवसांत इंग्लंडमध्ये नेहमीपेक्षा सुमारे दोन हजार मृत्यू जास्त झाले. हे नंतर बेरीज-वजाबाकीतून कळले, माझ्यासारख्यांच्या दाखल्यांवरून ते कधीच कळले नसते.

मी तेव्हा सहा महिन्यांच्या नेमणुकीवर होतो, व्हिसाची टांगती तलवार होती, आणि तो दाखला खोटा नव्हता, असे मी आजही म्हणेन. अपुरा होता. (हा शब्द सापडायला मला वीस वर्षे लागली, तेव्हा तू दोन आठवडे गोंधळलीस तर बिघडले नाही.)

म्हणून सांगतो, दिसते ते लिही. लंडनच्या लुइशममधली नऊ वर्षांची एला किसी-डेब्रा फेब्रुवारी २०१३ मध्ये दम्याने गेली. तिचे घर साउथ सर्क्युलर या वाहत्या रस्त्यालगत होते. आईने चिकाटी सोडली नाही, तेव्हा डिसेंबर २०२० मध्ये दुसऱ्या चौकशीअंती मृत्यूच्या कारणांत श्वसन निकामी होणे आणि तीव्र दमा यांच्याखाली तिसरी ओळ आली: वायुप्रदूषण. मोर्चातले शंभर फलक जे सांगू शकत नाहीत, ते त्या एका ओळीने सांगितले. आपल्याकडचे पाहा. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे नोंदी मोजल्यावर दिसले आणि २०१३ मध्ये शहराने उष्म्याविरुद्धचा कृती आराखडा आणला. आधी कोणीतरी एकेक मृत्यू नोंदवला होता, म्हणून मोजता आले.

मेडॅक्टची एक मुळी अण्वस्त्रांविरुद्ध उभ्या राहिलेल्या डॉक्टरांपर्यंत जाते. अणुबॉम्ब पडला तर भाजलेल्यांना खाटा पुरतील का, हे त्यांनी डॉक्टर म्हणून विचारले, म्हणून लोकांनी ऐकले. तिथे तुझ्या शब्दाला वजन असेल ते काल रात्री तू वॉर्डात होतीस म्हणून. नोकरी सोडू नकोस आणि गप्पही बसू नकोस. दोन्ही जमत नाही असे मला सांगू नकोस. तू केसपेपर रोज लिहितेसच, त्यात कारणाची एक ओळ वाढव आणि खाली तुझे नाव घाल. वरिष्ठांनी खोडली, तर खोडलेली ओळही दिसते.

तुझ्या वॉर्डातल्या खिडक्या किती इंच उघडतात, ते पट्टीने मोजून कळव.

कळावे.