‘मॅडम, दाखवण्यासारखं काहीच नाही’

गेल्या तीन-चार वर्षांत लातूरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक वाक्य इतक्या जणींनी म्हटलंय, की समोरची खुर्चीत टेकायच्या आतच मला ते ऐकू येतं. “मॅडम, आमचं लग्न खरंय हो, पण दाखवण्यासारखं काहीच नाही.”

गोष्ट थोड्याफार फरकानं तीच असते. मुलगा परदेशात, मुलगी इथं. पाहणं, सुपारी, लग्न, तुळजापूरचं दर्शन, पंधरा-वीस दिवस आणि मग विमान. पुढं तिला तिकडं न्यायचं तर जोडीदाराच्या व्हिसाचा अर्ज करावा लागतो, आणि तिथलं सरकार म्हणतं, लग्न खरं असल्याचा पुरावा द्या. ज्या लग्नाला अख्खी भावकी जेवून गेली त्याचा पुरावा? आधी घरात सगळे हसतात. मग रात्री एकटीनं मोबाईल चाळता चाळता तिचं हसू जातं.

मी व्हिसाची सल्लागार नाही. पण ही फाइल बांधताना मनात जी गाठ बसते ती माझ्याकडं येते, आणि ती गाठ सुटल्याशिवाय फाइलही धड होत नाही, असा माझा अनुभव आहे.

तिला आपण शीतल म्हणू. गावं थोडी इकडची तिकडं केली आहेत, आणि दोघांना वाचून दाखवूनच हे लिहिते आहे. माहेर कळंबचं, सासर निलंगा तालुक्यात. लग्न २०२३ च्या फेब्रुवारीत. नवरा पर्थला ट्रकच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, ऑस्ट्रेलियाचा कायमचा रहिवासी. लग्नानंतर तेवीस दिवस एकत्र, पुढच्या जानेवारीत सोळा. एकूण एकोणचाळीस. हा आकडा तिनं पहिल्या पाच मिनिटांत मला तीनदा सांगितला.

“झोप येईना झालीय,” ती म्हणाली. “एजंट म्हणायलेत फोटो कमी आहेत. आहेत त्यात पण हे असे लांब उभे.”

तिनं फोटो दाखवले. तुळजापूरच्या पायऱ्यांवर दोघं उभे, मधोमध सासूबाई. निलंग्याच्या घरासमोर दोघं, मध्ये वीतभर अंतर आणि एक शेळी. मग तिनं व्हॉट्सॲप उघडलं. ‘जेवलीस का.’ ‘हो. तुम्ही?’ ‘हो. झोप आता.’ पुढचा दिवस, तेच. त्याच्या पुढचा, तेच.

“नवरा-बायको असं बोलतेत का, मॅडम? व्हिसाच्या साहेबाला वाटेल, भाडेकरूची विचारपूस चाललीय.”

एजंटानं तिला सांगितलं होतं, जरा प्रेमाचे मेसेज वाढवा, आणि चिखलदऱ्याला जाऊन आल्यासारखे काही फोटो काढून घ्या. म्हणून तिनं रोज रात्री नवऱ्याला ‘मिस यू’ आणि तीन बदाम पाठवायला सुरुवात केली होती. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला, “बरी आहेस ना? दवाखान्यात दाखवलंस का?”

मी हसले. ती हसली नाही. “पुराव्यात आमचं प्रेम दिसलंच पाहिजे ना,” म्हणाली.

माझ्याकडं येणाऱ्यांना माहीत आहे, मी शब्दांतला ‘च’ पकडते. माणूस दुःखानं जितका खचत नाही तितका ‘झालंच पाहिजे’, ‘असायलाच हवं’ यातल्या च-नं खचतो, यावर माझी पद्धत उभी आहे. घटना बदलता येत नसेल, तर निदान तिच्यावर आपण कोणती सक्ती लादतोय ते तपासता येतं. मी तिला कागदावर दोन ओळी लिहायला लावल्या. वर ‘आमचं लग्न खरं आहे का?’ आणि खाली ‘आमचं लग्न गोड आहे का?’

“यातला कुठला प्रश्न तिकडचा साहेब विचारतोय?”

बराच वेळ पाहून तिनं वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

“आणि रात्री तू कुठल्या प्रश्नाचं उत्तर शोधतेस?”

बोट खाली सरकलं.

या दोन ओळींची गल्लत हेच या काळजीचं मूळ आहे, असं मी ठामपणे म्हणेन. माझ्याकडं आलेल्या बहुतेक जणींना सरकारी प्रश्न नीट वाचायला मिळालेलाच नसतो, तो एजंटाच्या तोंडून कळतो. ऑस्ट्रेलियाचा १९५८ चा स्थलांतर कायदा पती-पत्नींकडून काय मागतो? लग्न वैध असावं. इतर कुणाला वगळून एकत्र आयुष्य काढण्याची दोघांची बांधिलकी असावी. नातं खरं आणि चालू असावं. दोघं एकत्र राहत असावेत, नाहीतर निदान कायमचे वेगळे राहत नसावेत. शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. पोटापाण्यासाठी लांब असणं म्हणजे वेगळं राहणं नव्हे, याला कायद्यातच जागा आहे. प्रेमपत्रं, बदाम, चिखलदरा यांचा उल्लेख कुठंही नाही.

हे सगळं अधिकारी चार बाजूंनी पाहतात: पैशाचा व्यवहार, घर कसं चालतं, लोकांत तुम्ही जोडपं म्हणून ओळखले जाता का, आणि एकमेकांशी बांधिलकी किती. शीतलला मी हे चार कप्पे दिले आणि सांगितलं, दर रविवारी अकरा ते बारा, एवढा एकच तास फाइल उघडायची. बारा वाजले की नाडी बांधायची. रात्री मोबाईलमधले जुने मेसेज वाचायचे नाहीत. सतत घोर लावून घेणाऱ्या माणसाला हा नियम औषधासारखा लागू पडतो, आणि तो मोडला की मला लगेच चेहऱ्यावर दिसतो.

कागद आपसूक येऊ लागले. लग्नपत्रिकेवर ‘आपले नम्र’खाली सव्वीस नावं. चुलतसासऱ्यांच्या घरातली आहेराची वही, त्यात २०२३ च्या मे महिन्यातल्या एका लग्नात दोघांच्या जोडनावानं लिहिलेले पाचशे एक रुपये. शिधापत्रिकेत चढलेलं तिचं नाव. पहाटे पावणेपाचच्या कॉलची रांग. पर्थचं घड्याळ आपल्यापुढं अडीच तास. तो सव्वासातला कामावर निघताना फोन करायचा, ती इथं चुलीपुढं. दीड वर्षात फार थोडे दिवस चुकले होते. “हे तर रोजचंच,” ती म्हणाली. रोजचंच आहे म्हणूनच तर कामाचं, एवढं मी बोलले आणि पुढं गेले, कारण खरी गोष्ट अजून यायची होती.

ती चौथ्या भेटीत आली. महिन्यागणिक निवडक मेसेज काढून आण, असं मी सांगितलं होतं. तिनं छापून आणले. मी चाळले. मार्च २०२४ होता, मग एकदम मे.

“एप्रिल कुठं गेला?”

ती पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडझाक करत बसली. “पुसून टाकला.”

“काय होतं?”

“भांडण. वीस दिवस. साहेबानं वाचलं तर म्हणेल, हे काय संसार करतेल.”

“कशावरून?”

“बोअरवरून.”

नवऱ्यानं घरखर्चाला म्हणून तिच्या खात्यावर पैसे पाठवले होते. उन्हाळा, विहीर आटलेली, सासरे रोज शेतात जाऊन नुसतेच बसायचे. बोअरची गाडी शेजारच्या शिवारात आलेली होती. सासऱ्यांनी विचारलं, ही हो म्हणाली, पंच्याऐंशी हजार गेले. पाणी लागलं नाही. रात्रभर नुसता फुफाटा उडाला.

“हे लई चिडले. मला न विचारता पंच्याऐंशी हजार मातीत घातलेस म्हणले. मी म्हणले, तुम्ही तिथं बसून बोलायलाव, टँकर आला की घागरी घेऊन मी पळते.”

“थोडक्यात, नवऱ्याचे पैसे तू न विचारता उडवलेस.” मी मुद्दाम टोचलं.

ती ताडकन सरळ बसली. इतक्या भेटींत तिचा आवाज पहिल्यांदा चढला. “नवऱ्याचे काहून, मॅडम? आमचेच होते ते. आमचेच होते म्हणून तर दोघं बी भांडलोत!”

आणि गप्प झाली.

मीही गप्प राहिले. एकोणीस वर्षांत मी काही शिकले असेन तर ते हेच, अशा वेळी तोंड उघडायचं नाही. वर पंखा कुरकुरत होता. तिच्या हातातलं झाकण थांबलं होतं. आपण काय बोललो ते ती पुन्हा ऐकत होती, ओठ किंचित हलत होते. मग तिनं माझ्या टेबलावरचा पेन घेतला आणि बोटावर मोजल्यासारखं बोलायला लागली. “शेत आमचं. सासरे आमचे. खातं माझं, पगार त्यांचा. पाणी कुणालाच नाही.” पुन्हा थांबली. “मॅडम, हे सगळं पैशाच्या कप्प्यात जातंय का घराच्या?”

हा ‘च’ मी पकडला नाही. राहू दिला.

घरी येऊन मी बराच वेळ विचार करत होते. मीसुद्धा इतके दिवस तिला ‘रोजचं साधं बोलणंही चालतं’ अशी समजूत घालत होते, म्हणजे गोडव्याचाच स्वस्तातला पर्याय शोधत होते. पण ज्याचा आपल्याशी संबंध नाही त्याच्याशी कुणी कोरड्या बोअरवरून वीस दिवस भांडत नाही. खोटं लग्न लावणारे नेमकं हेच रचू शकत नाहीत. ते फुलं रचतात, समुद्रकिनारा रचतात. बोअरवाल्याची तेलकट पावती, त्याच तारखेला बँकेतून गेलेली रक्कम आणि त्याच रात्री नवऱ्याचा चौदा मिनिटांचा व्हॉइस मेसेज, हे एकमेकाला जुळणारं कोण रचत बसेल? पुसलेला एप्रिल नवऱ्याच्या मोबाईलमध्ये शाबूत होता. त्यानं तो पाठवला. सगळा लावायची गरज नव्हती. दोन-तीन मेसेज, पावती, बँकेचं विवरण आणि घडलं तसं सांगणारा एक परिच्छेद पुरला.

यानंतर तिनं आपण होऊन एक जुना फोटो बाहेर काढला. २०२३ च्या अधिक श्रावणातला. धोंड्याचा महिना, लग्नाचं पहिलं वर्ष, आणि जावई पर्थला. तिच्या आईनं पाट मांडला, भोवती रांगोळी, पाटावर तांब्या आणि तांब्याला टेकवलेला मोबाईल. पडद्यावर वर्कशॉपचे कपडे घातलेला जावई, डोक्याला हात लावून कुंकू लावून घेतोय. समोर ताटात तेहतीस अनारसे. आई निरांजन घेऊन मोबाईलला ओवाळतेय. “गावठी दिसतंय म्हणून लपवला होता,” शीतल म्हणाली. मी म्हटलं, खाली तीन ओळी लिही: हा महिना काय, वाण काय, पाटावर मोबाईल का. फोटोखाली तारीख, जागा, कोण कोण आहे आणि काय चाललंय हे नसेल, तर परक्या देशातल्या माणसाला तो नुसता मोबाईलचा फोटो.

माझ्याकडं येणाऱ्या सगळ्यांना मी जे सांगते ते आता सरळच सांगून टाकते. लग्नाची नोंदणी आधी करून घ्या. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे आणि गावात ग्रामपंचायतीत ते काम होतं. पत्रिका आणि अल्बम त्याची जागा घेत नाहीत. नावांचा घोळ एका पानावर सोडवा: पासपोर्टवर माहेरचं नाव, शिधापत्रिकेवर सासरचं, तांदळात अंगठीनं लिहिलेलं तिसरंच. गावांचंही तसंच. शीतलच्या जुन्या कागदांवर उस्मानाबाद, नव्यांवर धाराशिव. २०२३ मध्ये नाव बदललं हे आपल्याला माहीत, तिकडच्या साहेबाला नाही. आपलं निवेदन आधी मराठीत लिहा, जसं आईला सांगाल तसं. कसे भेटलो, कुणी जुळवलं, लांब राहून घर कसं चालवतो, पुढं काय ठरवलंय. मग भाषांतर करून घ्या. पाहून केलेलं लग्न आहे हे लपवू नका, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ओळखीच्या दोघांची निवेदनं ८८८ क्रमांकाच्या फॉर्मवर लागतात. त्यांना मजकूर शिकवू नका, त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं त्यांनाच लिहू द्या.

आणि खोटं काही जोडू नका. एजंट म्हणाला तरी नाही. जुलै २०२४ पासून या अर्जाची फीच ९,०९५ ऑस्ट्रेलियन डॉलर होती, म्हणजे आपल्याकडचे पाच लाख, त्यामुळं घाबरून माणूस ‘थोडं वाढवून’ दाखवायला जातो. बनावट कागद किंवा खोटी माहिती सापडली तर अर्ज फेटाळला जातोच, शिवाय तीन वर्षं दुसऱ्या व्हिसाची वाट अडू शकते. ऑस्ट्रेलियातल्या नोंदणीकृत एजंटाला नोंदणी क्रमांक असतो, तो मागून घ्या. द्यायला का-कू केली तर उठून या. शीतलनं एजंट बदलला. तीन बदामही बंद झाले, आणि नवऱ्याला हायसं वाटलं.

शेवटच्या भेटीला आम्ही त्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं. दोघांची निवेदनं शेजारी ठेवून तपासायची होती, कारण एकाच घटनेचे तपशील दोन कागदांत वेगळे असले की उगाच शंका येते. तारखा जुळल्या, पाहुणे जुळले. बोअरपाशी गाडी अडली. तिनं लिहिलं होतं पाचशे वीस फूट, त्यानं सहाशे.

“सहाशे कसं होईल? मी तिथं उभी होते.”

“बाबांनी मला सहाशे सांगितलं.”

“बाबांना काय, ते झोपले होते बाजेवर!”

“तू पैसे देताना विचारलं असतंस तर…”

“बघा मॅडम, परत तेच काढायलेत.”

मी घड्याळाकडं पाहिलं, पुढची मुलगी बाहेर येऊन बसली होती. शीतलनं फाइल उघडून दुसऱ्या कप्प्यातून पावती काढली, पुसट आकड्यावर अंगठा फिरवला आणि मोबाईलसमोर धरली.

पाचशे चाळीस.