आधी मादी, मग अंडी

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. इन्क्युबेटरचं तापमान, ओलावा, अंड्याला पडलेला खळगा, सगळं विचारलंस. तुझ्या कॉर्न स्नेकच्या, म्हणजे त्या पाळीव सापाच्या मादीबद्दल मात्र शेवटी दोनच ओळी: शेपटीकडे एक गाठ राहिलीय, दाबून काढू का? आणि यंदाच अंड्यांची दुसरी खेप घेऊ का?

दाबू नकोस. ते अडलेलं अंडं आहे. दाबलंस तर अंडनलिका फाटेल किंवा बाहेर येईल. बाकीची अंडी घालून दोन दिवस उलटलेत, म्हणजे आता सापांचं कळणाऱ्या पशुवैद्याकडेच ने. तो सुईने आतला द्रव काढून अंडं लहान करू शकतो. जितका उशीर करशील तितकं ते आत चिकटत जाईल.

अंडं का अडतं? लठ्ठ, सुस्त मादीचे स्नायू ढिले पडतात. पाणी कमी पडतं, पेटी थंड असते. किंवा तिला मनाजोगी जागाच मिळत नाही, म्हणून ती अंडी रोखून धरते. कॉर्न स्नेक अंड्यांआधी कात टाकते आणि पुढे साधारण 8 ते 14 दिवसांत अंडी घालते. ओलसर मॉसचा, म्हणजे शेवाळाचा डबा त्या कातेच्या आधी आत हवा. ती काचेला नाक घासत फिरू लागल्यावर कसली धावपळ करतोस? त्या दिवसांत ती खाणं सोडते, तर सोडू दे. जबरदस्तीने भरवायचं नाही.

आणि दुसरी खेप! नराला न भेटताही ती पुन्हा अंडी घालू शकते, साठवलेल्या शुक्राणूंवर. म्हणून मोकळी झाली की लहान भक्ष्य दे, पचलं की पुढचं. पण मुद्दाम नर सोडू नकोस. कणा वर आलेला दिसत असताना हा प्रश्न सुचतोच कसा? आधी मादी, मग अंडी.

वजन भरून आलं नाही तर मी मादीला पुढचं वर्षभर नराजवळ नेत नाही. हसतात लोक. 'तुमच्याकडे पिल्लं कमी' म्हणतात. असू देत. माझ्या म्हाताऱ्या माद्या अजून खाताहेत, त्यांच्या माद्यांचं काय झालं ते कुणी सांगत नाही. मी हट्टी आहे, मान्य. खंत एवढीच, की हे मी फार उशिरा मोठ्याने बोलायला लागलो.

खळग्याचं नंतर बघू. आधी तिला वजनकाट्यावर ठेव, आकडा लिहून घे आणि तो घेऊनच डॉक्टरकडे जा. आज.