लिहून देणार कोण?

प्रश्न: अमेरिकेत मिनेसोटामध्ये मिल लॅक्स तळ्याकाठच्या ओजिब्वा या मूळ रहिवाशांच्या ‘रिझर्व्हेशन’वरून, म्हणजे त्यांच्या नावे असलेल्या भूभागावरून, कोर्टकज्जे झाले. मराठीत त्याला ‘आदिवासी आरक्षणाचा सीमावाद’ म्हटलेलं वाचलं. हे बरोबर आहे का? आणि ओजिब्वा म्हणायचं, ओजिब्वे म्हणायचं की चिपेवा?

उत्तर: बरोबर नाही. ‘आरक्षण’ही चूक आणि ‘सीमावाद’ही चूक. हे इतक्यांदा कानावर पडलंय की आता चीड येते.

रेल्वेतलं, नोकरीतलं आणि विकास आराखड्यात आपल्या प्लॉटवर ‘पडतं’ ते आरक्षण सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. त्या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: वरून कोणीतरी ठरवतो आणि खालच्याला मिळतं किंवा खालच्याचं जातं. ‘ओजिब्वांचं आरक्षण’ वाचलं की मराठी माणसाला वाटतं, वॉशिंग्टनच्या सरकारनं दया येऊन चार एकर दिले असावेत. प्रत्यक्षात उलटं आहे. जुनं खरेदीखत काढून वाचा. त्यात ‘लिहून घेणार’ असतो, ‘लिहून देणार’ असतो आणि पुष्कळदा एक ओळ असते की अमुक गट नंबरपैकी चार गुंठे लिहून देणार यांनी स्वतःकडे राखून ठेवले आहेत. हे रिझर्व्हेशन आलं ओजिब्वांनी अमेरिकेच्या सरकारशी केलेल्या तहांतून, आणि त्या तहांमध्ये लिहून देणार ओजिब्वा आहेत. सरकार लिहून घेणार. मग राखून ठेवलं कोणी? ही माझी हौस नव्हे. यकामा या दुसऱ्या मूळ रहिवाशांच्या मासेमारीच्या विनान्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९०५ सालीच सांगितलं की तह म्हणजे इंडियनांना (तिथल्या मूळ रहिवाशांना) हक्क देणं नव्हे, त्यांच्याकडून हक्क घेणं. जे दिलं नाही ते त्यांनी राखलेलं.

म्हणून क्रियापद हवं ‘राखणे’. आणि इथे थोडं थांबतो, कारण हा धातू फार गोड आहे. संस्कृत रक्ष् पासून राखणे, राखण, राखीव, राखी. अंगाला फासायची राखसुद्धा मुळात ‘रक्षा’च, म्हणून तर आपण रक्षाविसर्जन म्हणतो. पण खरी गंमत पश्चिमेला आहे. ग्रीक भाषेत ‘अलेक्सेइन’ म्हणजे संकट दूर ठेवणं, राखणं. भाषाशास्त्रज्ञ तो आणि आपला रक्ष् एकाच मुळाचे मानतात. त्यावरून ‘अलेक्झांड्रोस’, माणसांना राखणारा. आता मिनेसोटा टेरिटरीचा १८४९ ते १८५३ या काळातला गव्हर्नर कोण? अलेक्झांडर रॅमसे! १८५० च्या शरद ऋतूत ओजिब्वांना तहातले पैसे आणि धान्य द्यायचं ठिकाण विस्कॉन्सिनमधल्या ला पॉइंटहून दूर मिनेसोटातल्या सँडी लेकला हलवलं गेलं, त्यामागे हा राखणकर्ता होता. हेतू असा की माणसं थंडीत तिकडे अडकतील आणि मिसिसिपीच्या पश्चिमेलाच राहतील. पैसे वेळेत आले नाहीत, आलं ते धान्य नासलेलं. रोगराईत, उपासमारीत आणि परतीच्या बर्फात मिळून सुमारे ४०० माणसं गेली. हाच रॅमसे पुढे १८६३ मध्ये ओल्ड क्रॉसिंगला रेड लेक आणि पेम्बिनाच्या ओजिब्वांकडून रेड नदीचं खोरं लिहून घ्यायला हजर होता.

आता खुद्द ओजिब्वा भाषेकडे येऊ. तिथे रिझर्व्हेशनला शब्द आहे ‘इश्कोनिगन’. इंटरनेटवरचे हौशी विद्वान लगेच सांगतात, याचा अर्थ ‘उरलंसुरलं’, आणि पुढे करुण रसाचे दोन परिच्छेद. ओजिब्वा स्वतःही हा विनोद करतात. तो त्यांचा हक्क आहे, त्यांनी करावा. पण व्युत्पत्ती म्हणून तो अर्धवट आहे. मुळाशी ‘उरणे’ आहे हे कबूल. ‘इश्कोसे’ म्हणजे आपोआप उरतं. मात्र इश्कोनिगन ज्या क्रियापदावरून आला त्याचा अर्थ मुद्दाम मागे ठेवणं, शिल्लक ठेवणं असा आहे. मराठीत हा फरक दाखवायला आपल्याकडे तयार जोडी आहे: उरणे आणि उरवणे. पोळ्या उरल्या, आणि रात्रीसाठी दोन उरवल्या. इश्कोनिगन म्हणजे उरवलेलं. कर्ता आहे त्यात! ज्यांना उरणे आणि उरवणे यांतला फरक कळत नाही त्यांनी दुसऱ्यांच्या भाषेची व्युत्पत्ती सांगायला बसू नये.

एक आक्षेप येणार, तो आधीच निकालात काढतो. मिल लॅक्सचा दक्षिण काठ १८३७ च्या तहातच लिहून दिलेला होता. मग १८५५ ला तो ‘राखला’ कसा? तर २२ फेब्रुवारी १८५५ च्या तहात ओजिब्वांनी त्याच्या उत्तरेचा प्रचंड मुलूख लिहून दिला आणि त्या सौद्यात हा काठ कायमच्या वस्तीसाठी आपल्या नावे करून घेतला. दान नव्हे, मोबदला. तहाच्या कलमात शब्दही ‘राखून वेगळी काढलेली’ जमीन असेच आहेत. चतुःसीमा म्हणाल तर आपल्या सात-बाराला लाजवेल इतकी रूक्ष, मोजणीच्या चौकोनांचे नुसते नंबर: टाउनशिप ४२ रेंज २५, टाउनशिप ४२ रेंज २६, टाउनशिप ४२ आणि ४३ रेंज २७, शिवाय तळ्याच्या दक्षिण भागातली तीन बेटं. सगळं मिळून सुमारे ६१,००० एकर.

आता ‘सीमावाद’. हा शब्द बेळगावसाठी ठेवा. तिथे रेघ इकडे की तिकडे एवढाच वाद आहे. मिल लॅक्सला भांडण रेघेच्या जागेचं नव्हतंच, रेघ अजून आहे की पुसली गेली याचं होतं. याला मराठीत ‘हद्द कायम आहे का’ असं म्हणतात आणि गावातला कोणीही माणूस ते बरोबर म्हणेल. (हद्द अरबी म्हणून ज्यांना खुपते त्यांनी शीव म्हणावं. सीमेचंच ते घरगुती रूप, मुंबईतल्या शीव स्टेशनात अजून जिवंत आहे.)

हा वाद उपजला १८६३ आणि १८६४ च्या तहांतून. त्यांत ही जमीन दिल्याचं लिहिलं आहे, पण १२ व्या कलमात शेपूट आहे: मिल लॅक्सच्या लोकांचं आजवरचं वर्तन चांगलं असल्यामुळे, जोपर्यंत ते गोऱ्यांच्या जिवाला किंवा मालमत्तेला उपद्रव देत नाहीत तोपर्यंत त्यांना उठून जायला भाग पाडणार नाही. चांगलं वर्तन कसलं, तर १८६२ मध्ये डकोटा लोकांच्या गोऱ्यांशी झालेल्या युद्धाच्या धामधुमीत ते फोर्ट रिप्ली या लष्करी ठाण्याच्या मदतीला गेले. मिल लॅक्स काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या सरकारचं म्हणणं, यानं माणसं राहिली, हद्द गेली. बँडचं, म्हणजे मिल लॅक्सच्या ओजिब्वांच्या जमातीचं म्हणणं, हद्दही राहिली. दरम्यान लाकूडवाले घुसले, वसाहतवाले घुसले, राखीव जमिनी माणशी वाटणारा १८८९ चा नेल्सन कायदा आला आणि जमिनीचे तुकडे पडले. पण तुकड्यांची मालकी बदलली म्हणून गावाची हद्द बुजत नाही. एवढं साधं कळायला कोर्टात जावं लागलं. २०१६ मध्ये काउंटीनं बँडशी असलेला पोलिसांबाबतचा करार मोडला, पुढच्या वर्षी बँडनं दावा लावला, आणि मार्च २०२२ मध्ये फेडरल जिल्हा न्यायाधीश सुझन रिचर्ड नेल्सन यांनी निर्णय दिला की १८५५ ची हद्द अमेरिकेच्या काँग्रेसनं (संसदेनं) कधीच स्पष्ट शब्दांत रद्द केलेली नाही. नेल्सन कायद्यानं हद्द मोडली नाही हे नेल्सन आडनावाच्याच न्यायाधीशांनी सांगावं, हा निव्वळ योगायोग, पण मला फार आवडतो.

जाता जाता तिसरा शब्द, जो तुम्ही विचारलाच नाही: ‘मासेमारीची सवलत’. १८३७ च्या तहात शिकार, मासेमारी आणि मनोमिन (तळ्यात उगवणारं, तांदळासारखं रानधान्य) गोळा करण्याबद्दल इंग्रजीत खरोखरच सवलतीच्या अर्थाचा शब्द आहे, आणि राष्ट्राध्यक्षांची मर्जी असेपर्यंत अशी पुस्तीही. १८५० मध्ये राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलर यांनी ती मर्जी काढून घेतली. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांच्या लेखणीतून, ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की टेलर यांच्या हुकमाला कायद्याचा आधार नव्हता, आणि १८५८ ला मिनेसोटा राज्य झालं म्हणूनही तो हक्क संपला नाही. जमीन दिली तरी तिच्यावरचा वापर चालू, याला ‘सवलत’ म्हणायचं? पुस्तकी मराठीत ‘फलोपभोग’ आहे, तो वकिलांना लखलाभ. आपला शब्द वहिवाट. दुसऱ्याच्या बांधावरून विहिरीला जायची वाट जशी कोणाच्या मर्जीवर नसते, तसंच हे.

तर लिहा ‘राखीव मुलूख’. ‘राखीव क्षेत्र’ नको, त्यात वाघ येतात. ‘राखीव वन’ तर मुळीच नको, तिथे सरकार लोकांपासून राखतं.

नावाचं म्हणाल तर ओजिब्वा आणि ओजिब्वे दोन्ही चालतात, ते स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात. चिपेवा हा वेगळा शब्द नाहीच. ओजिब्वेतला ‘ओ’ गोऱ्यांच्या कानात शिरला नाही, ज चा च झाला, ब चा प झाला. तहांमध्ये सगळीकडे चिपेवाच आहे, म्हणून तहातला मजकूर देताना तसंच ठेवा, एरवी ओजिब्वा किंवा ओजिब्वे.